घड्याळाच्या पोटातले शब्द: प्रदर्शनाच्या चिठ्ठ्यांवर काय लिहावं?

सुरसागरकाठी
नमस्कार मंडळी. यंदा आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मंडळाने गणपतीत देखाव्याच्या जोडीला जुन्या किल्लीच्या घड्याळांचं छोटं प्रदर्शन मांडायचं ठरवलंय. घरोघरी कपाटात पडलेली एचएमटी, वेस्ट एंड, फेवर लुबा, काही खिशातली घड्याळं, आणि एक पूर्ण उघडलेलं मशीन, काचेखाली पार्ट सुटे करून. प्रत्येक वस्तूपुढे चार-पाच ओळींची मराठी चिठ्ठी लावायचीय आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय.

तबकडी, काटा, किल्ली, लंबक इथपर्यंत मराठी मजेत चालते. मागचं झाकण उघडलं की बोलती बंद. एस्केपमेंटला काय लिहू? बॅलन्स व्हीलला? पॅलेट फोर्कला? पट्टा अडकवायच्या त्या चार टोकांना? बघायला येणाऱ्यांत आज्या आहेत, इंग्रजी माध्यमाची नातवंडं आहेत आणि आमच्या पोळातले (म्हणजे गल्लीतले) निम्मे लोक गुजराती आहेत.

माझं म्हणणं इतकंच की शब्द वाचून माणसाने परत काचेकडे बघावं, शब्दकोशाकडे नव्हे. सुचवा.

शब्दवेल्हाळ
उत्तम धागा. मराठीत शब्द नाहीत ही ओरड मला मान्य नाही, आपण घडवत नाही इतकंच. माझी यादी घ्या: मूव्हमेंट म्हणजे गतियंत्र, एस्केपमेंट म्हणजे मोचनयंत्रणा, बॅलन्स व्हील म्हणजे संतुलनचक्र, पॅलेट फोर्क म्हणजे द्विशूल, हेअरस्प्रिंग म्हणजे केशकुंतल, क्राउन म्हणजे मुकुट, लग्ज म्हणजे कर्ण, बेझल म्हणजे काचवलय. एकदा छापलं की रुळतं. सयाजीरावांच्या बडोद्यात तरी या बाबतीत कच खाऊ नये.

इंदूरी_पोहे
केशकुंतल!! आमच्या राजवाड्याच्या मागचा घडीसाज खुर्चीवरून पडेल. "उस्ताद, जरा केशकुंतल देख लो, दस मिनिट आगे भाग रही है।" तो म्हणेल, भिया, सलून समोरच्या गल्लीत आहे.
(हलके घ्या.)

भिंगवाला
वडिलांचं मांडवीजवळ दुरुस्तीचं दुकान होतं, आता मी फक्त हौसेपुरता भिंग डोळ्याला लावतो. टेबलावर काय बोललं जातं ते सांगतो, चिठ्ठीवर काय लिहायचं ते तुम्ही बघा.

आतल्या सगळ्या यंत्राला 'मशीन'. मूव्हमेंट हा शब्द मी इंटरनेट आल्यावर ऐकला. क्राउनला 'चावी', आणि किल्ली देण्याला 'चावी भरणे'. हेअरस्प्रिंगला 'बालकमानी', हा शब्द इंदूरपासून मुंबईपर्यंत कुठल्याही टेबलावर चालतो, तेव्हा केशकुंतलाची गरज नाही. बॅलन्स व्हील, ते मागे-पुढे झोके घेणारं चाक, नुसतं 'बॅलन्स'. पॅलेट फोर्कला 'फोर्क' किंवा 'लिव्हर'. पट्टा धरणाऱ्या बारीक दांडीला 'पिन'. काच प्लास्टिकची असली तरी 'काच'. एस्केपमेंट असा एकत्र शब्द आमच्याकडे नव्हताच, कारण दुरुस्त करणाऱ्याला सुटा पार्ट लागतो, संकल्पना लागत नाही.

आता ती संकल्पना. मेनस्प्रिंग, म्हणजे घड्याळाला बळ देणारी पोलादी पट्टी, एका डबीत गुंडाळलेली असते, त्या डबीला बॅरल म्हणतात. पट्टी मोकळी सोडली तर काही क्षणांत पूर्ण उलगडेल आणि काटे गरगर फिरून थांबतील. तिला दीड दिवस पुरवून पुरवून उलगडायला लावायचं, हे एस्केपमेंटचं काम. एस्केप व्हीलला बहुधा १५ दाते असतात. फोर्कच्या दोन बाहूंवर माणकाचे दोन छोटे दगड बसवलेले असतात. एक दगड दाता अडवून धरतो. बॅलन्स झोका घेत येतो, फोर्कला टिचकी मारतो, दगड बाजूला होतो, दाता सुटतो, आणि सुटता सुटता फोर्कमार्फत बॅलन्सला परत एक हलका धक्का देऊन जातो. तोवर पलीकडच्या दगडाने पुढचा दाता पकडलेला असतो. दगडावर दाता आपटला की 'टिक'. देवळाच्या दारावरचा स्वयंसेवक रांगेतल्या एकेकालाच आत सोडतो, तसं.

एचएमटीच्या 'जनता' घड्याळात हे तासाला १८,००० वेळा होतं, म्हणजे सेकंदाला पाच आणि दिवसाला ४,३२,००० टिका. तुमच्या चिठ्ठीवर हा आकडा नक्की लिहा, पोरं थांबून वाचतील.

कलाभवनी
भिंगवाल्यांना दंडवत. वरचा प्रतिसाद वाचताना एक शब्द आपोआप तयार झाला: अडसोड. अडवतो आणि सोडतो. एस्केप व्हील म्हणजे अडसोड चाक. संस्कृत नको, इंग्रजी नको.

मोचनयंत्रणेबद्दल तक्रार अशी की त्यात फक्त सोडणं आलं. ही यंत्रणा जास्त वेळ अडवूनच धरते. इंग्रजी नावातही फक्त निसटणं आहे, आणि भाषांतर करताना आपण त्यांची अर्धी बाजूच उचलतो.

तिरसट
अडसोड म्हणजे मला नळाच्या तोटीचा पार्ट वाटला.

शब्दवेल्हाळ
@कलाभवनी, मोचनावरचा आक्षेप मान्य. अडसोड ऐकायला गावंढळ आहे पण अर्थवाही आहे. मात्र 'चावी' आणि 'मशीन' चिठ्ठीवर लिहायला माझा विरोध. प्रदर्शन आहे, दुकान नव्हे.

भिंगवाला
चावीचा मुकुट केलात तर आज्यांना कसं कळणार? त्या रोज सकाळी चावीच भरत होत्या.

मीनल_अलकापुरी
वाचतेय, मजा येतेय. माझ्याकडचं आईचं एचएमटी देणार आहे प्रदर्शनाला, लग्नातलं, करंगळीच्या नखाएवढी तबकडी. त्यावर बारीक अक्षरात '१७ ज्वेल्स' लिहिलंय. आजी शेवटपर्यंत सांगायची की आत सतरा हिरे आहेत, विकू नकोस. हे सतरा नक्की असतात कुठे? चिठ्ठीवर 'रत्ने' लिहायचं का?

भिंगवाला
रत्नं लिहा, पण कंसात माणिक टाका आणि किंमत किरकोळ आहे हेही लिहा, नाहीतर रात्री पहारा ठेवावा लागेल.

मोजून देतो. बॅलन्सच्या दांडीला वर दोन आणि खाली दोन: एक भोकाचा दगड, त्यावर एक झाकणाचा. झाले चार. बॅलन्सखालचा टिचकी मारणारा दगड एक, पाच. फोर्कवरचे दोन, सात. फोर्कच्या दांडीचे दोन, नऊ. मग एस्केप व्हील, चौथं चाक, तिसरं चाक आणि मधलं चाक, प्रत्येकाच्या दांडीला वर-खाली एकेक: आठ. एकूण १७. साध्या किल्लीच्या घड्याळात याहून जास्त लागत नाहीत. ऑटोमॅटिकमध्ये हाताच्या हालचालीने फिरणारं वजन आणि त्याची चाकं वाढतात, म्हणून तिथे २१, २५ असे आकडे दिसतात.

काम एकच, घासण कमी करणं. पोलादी टोक पितळेच्या भोकात वर्षानुवर्षं फिरलं की भोक लांबट होतं. माणकाला गुळगुळीत भोक पाडलं तर ते झिजत नाही आणि तेलाचा थेंब धरून ठेवतं.

कलाभवनी
पुरवणी: माणकाला भोक पाडून घड्याळात बसवायचं पेटंट निकोलस फाशिओ द द्युइलिए याने १७०४ मध्ये लंडनला घेतलं, दोन घड्याळजी भागीदारांसह. हा गणिती, न्यूटनचा मित्र. त्या काळी खरे माणिक वापरायचे. १९०२ मध्ये ऑग्युस्त व्हर्नई याने भट्टीत माणिक बनवण्याची कृती जाहीर केली आणि मग ते इतके स्वस्त झाले की एचएमटीसारख्या जनतेच्या घड्याळात सतरा घालता आले. आजीबाईंचे हिरे भट्टीतले आहेत.

पुढे १९६०च्या दशकात काही कंपन्यांनी गंमत केली. ज्वेलचा आकडा मोठा तितकं घड्याळ भारी, असं गिऱ्हाइकाला वाटतं म्हणून नुसते शोभेचे दगड ठोकून ७५, अगदी १०० ज्वेल्सची घड्याळं काढली. शेवटी १९७४ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने फक्त कामाचे दगड मोजायचे असं ठरलं.

इंदूरी_पोहे
म्हणजे मोबाइलच्या मेगापिक्सेलचा धंदा जुनाच आहे तर.

तिरसट
एवढं सगळं करून दिवसाला मिनिटभर पुढे-मागे. मोरबीच्या कारखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ एका सेलवर वर्षभर बिनचूक चालतं. त्यात माणिक नाही, अडसोड नाही, आणि केशकुंतल तर मुळीच नाही.

भिंगवाला
बिनचूकपणात क्वार्ट्झपुढे, म्हणजे सेलवरच्या घड्याळांपुढे, आम्ही हात टेकले, वाद नाही. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आमचा बॅलन्स पाच टिका देतो. सेइकोने अॅस्ट्रॉन २५ डिसेंबर १९६९ ला बाजारात आणलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडपासून मांडवीपर्यंत सगळ्यांची झोप उडाली. वडिलांच्या टेबलावर चाकांच्या डब्या होत्या तिथे सेलचे पत्ते आले. पण प्रदर्शनात क्वार्ट्झ उघडून ठेवलंत तर दिसणार काय? एक पट्टी, एक तांब्याचं वेटोळं आणि सेल.

सुरसागरकाठी
सगळ्यांचे आभार, चिठ्ठ्या भराभर भरतायत. नवीन प्रश्न. मंडळातल्या एका काकांनी दिलेल्या स्विस घड्याळावर 'क्रोनोमीटर' लिहिलंय, दुसऱ्यावर 'क्रोनोग्राफ'. पोरांनी दोन्हींपुढे 'स्टॉपवॉच' लिहून ठेवलंय. बरोबर आहे का?

कलाभवनी
निम्मं बरोबर. क्रोनोग्राफ म्हणजे ज्यात स्टॉपवॉच आहे ते, बाजूला दोन बटणं दिसतील. फ्रान्समध्ये निकोला रियुसेक याने १८२१ मध्ये घोड्यांच्या शर्यतीसाठी यंत्र केलं, त्यात बटण दाबलं की तबकडीवर शाईचा ठिपका पडायचा. वेळ खरोखर लिहिली जायची, म्हणून ग्राफ. शाई गेली, नाव राहिलं.

क्रोनोमीटर ही अचूकतेची पदवी. स्वित्झर्लंडच्या अधिकृत चाचणीत मशीन १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासतात. दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, एवढ्यात बसलं तर दाखला. बटण असलंच पाहिजे असं नाही. पोरांना सांगा, एक करतं काय ते सांगतो, दुसरा किती नेमकं करतं ते.

काकांच्या घड्याळावर नुसता शब्द छापलाय की दाखला आहे, ते विचारून घ्या. पूर्वी हा शब्द सैलपणे छापत.

मीनल_अलकापुरी
आणि 'कॉम्प्लिकेशन'? माझे यजमान डॉक्टर आहेत. घड्याळात तीन कॉम्प्लिकेशन आहेत असं मी म्हटल्यावर त्यांनी विचारलं, वाचेल ना?

भिंगवाला
:) तास-मिनिट-सेकंदाखेरीज घड्याळ जे जास्तीचं दाखवतं किंवा करतं ते कॉम्प्लिकेशन. तारीख, वार, चंद्रकला, गजर, स्टॉपवॉच. आमच्याकडे याला शब्द नव्हता, 'तारीखवालं', 'गजरवालं' असंच म्हणायचो. चिठ्ठीवर 'जादा काम' लिहा. दुरुस्तीवाल्यालाही जादाच काम पडतं.

शब्दवेल्हाळ
जादा काम!! अहो, त्याला काही सौंदर्य? 'अधिकांग' लिहा. आणि ते टूर्बियाँ? त्याचा मूळ अर्थ वावटळ. 'आवर्त' म्हणू या.

कलाभवनी
टूर्बियाँ प्रदर्शनात आहे की काय? असेल तर पहारा खरंच लावा. ब्रेगे या घड्याळजीने १८०१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. खिशातलं घड्याळ दिवसभर उभं राहतं, त्यामुळे बॅलन्सच्या वजनात केसभर फरक असला तरी गुरुत्वाकर्षणाने चूक एकाच दिशेला साचते. त्याने बॅलन्स आणि अख्खी अडसोड एका पिंजऱ्यात घालून तो पिंजराच सावकाश फिरता ठेवला, चुका एकमेकींना खाऊन टाकाव्यात म्हणून. मनगटावरचं घड्याळ सारखं हलतं, तिथे त्याचा उपयोग मुख्यतः गिऱ्हाइकाच्या खिशाला. नाव द्यायचंच तर 'गिरकी'.

सुरसागरकाठी
नाहीये हो. आमच्या मंडळाचं बजेट सेव-उसळीचं आहे.

इंदूरी_पोहे
अवांतर: शब्दवेल्हाळ सयाजीरावांचं नाव घेऊन गेले, पण बडोद्याच्या कोणी पुढे काही सांगितलं नाही.

कलाभवनी
तेही सांगतो. १९३१ मध्ये बडोदा सरकारने 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू' छापला, राज्यकारभाराच्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी वगैरे भाषांत काय म्हणतात त्याचा कोश. एका रकान्याखाली दुसरा न ठेवता सगळ्या भाषा शेजारी शेजारी. शब्दवेल्हाळांनी सयाजीरावांचा दाखला दिला खरा, पण त्या कोशाचा रोख आधी लोक काय म्हणतात ते गोळा करण्याकडेही होता.

आणि आमचं कलाभवन. १८९० चं. पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर. कारागिराच्या मुलाला त्याच्या भाषेत तंत्र शिकवायचं, हा हट्ट. हेच गज्जर मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यावर फासलेलं डांबर रसायनाने काढून दाखवणारे. पुतळ्याचं पुढे काय झालं तो वेगळा धागा.

तिरसट
रावपुरा टॉवर राहिला. बडोद्यात घड्याळाचा धागा आणि टॉवरचं नाव नाही?

सुरसागरकाठी
टॉवरची एक चिठ्ठी आहेच: चिमणाबाई टॉवर, १८९६, सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई यांच्या स्मरणार्थ. कमाटीबागेतलं फुलांचं घड्याळही घेतलंय. फोटो लावणार आहोत.

मीनल_अलकापुरी
कोणीच बाहेरच्या रूपाबद्दल बोलत नाहीये म्हणून मी बोलते. मी फाइन आर्ट्सची. प्रदर्शनात निम्मे लोक मशीनकडे बघणारच नाहीत, तबकडी बघतील. तिथली नावं तर आणखी परकी: डॉफीन काटे, बॅटन काटे, ब्रेगे काटे, टोनो केस (केस म्हणजे बाहेरचं कवच), कुशन केस, सनबर्स्ट डायल.

माझी सूचना: नाव एकदाच द्या, मग आकार सांगा. डॉफीन म्हणजे मधोमध कणा असलेला, टोकाकडे निमुळता लांब त्रिकोणी काटा. कण्यामुळे एक बाजू उजळ आणि एक काळपट दिसते, म्हणून अंधूक उजेडातही काटा दिसतो. ब्रेगे म्हणजे टोकाजवळ पोकळ गोल असलेला बारीक काटा. टोनो म्हणजे पिंपाचा आकार, कुशन म्हणजे उशीचा. सनबर्स्ट म्हणजे मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत बारीक रेघा ओढलेली तबकडी, घड्याळ वळवलं की उजेडाचा पट्टा तिच्यावर फिरतो. 'कर्ण' सोडा, 'पट्ट्याचे कान' म्हणा, कोणालाही बोट दाखवता येईल.

एक निरीक्षण. जुन्या जनतावर नाव देवनागरीत छापलेलं असायचं, ते मला फार आवडतं. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका पट्टीसारखा बसतो आणि बाराखालच्या रिकाम्या जागेला वजन येतं. पण देवनागरी आकड्यांची अख्खी तबकडी लहान घड्याळात अवघड जाते. आईच्या घड्याळाएवढ्या आकारात १ आणि ९ चटकन वेगळे ओळखू येत नाहीत, आणि ५ आणि ६ पुसट छपाईत एक होतात. रोमन आकड्यांत बघा, पुष्कळ तबकड्यांवर चारच्या जागी चार उभ्या रेघा असतात. समोरच्या आठच्या आकड्याशी तोल साधतो म्हणून, असं एक स्पष्टीकरण आहे. निदान डोळ्याला तरी ते पटतं.

भिंगवाला
मीनलताई, छान. आमच्या आजोबांच्या तोंडी तबकडीला 'चंदा' होता, गुजरातीतल्या चंदोवरून. बडोद्यातल्या आज्यांना कदाचित अजून आठवत असेल. एका चिठ्ठीवर टाका.

सुरसागरकाठी
हे मस्त. आता एक भानगड. एका मुलाने एचएमटी पायलट आणून दिलंय, झगझगीत नारिंगी तबकडी, विमानाचं चित्र, मागे 'पॅरा शॉक'. ऑनलाइन घेतलं म्हणतो, नवंकोरं दिसतंय. काय लिहू?

भिंगवाला
लिहा, "मुंबई स्पेशल". हसू नका, जगभरचे हौशी लोक हाच शब्द वापरतात. जुनं मशीन, कुठल्यातरी केसमध्ये, आणि तबकडी नव्याने रंगवून छापलेली. पायलट मुळात काळ्या तबकडीचं घड्याळ म्हणून नावाजलेलं. नारिंगीवर विमान दिसलं की शंका घ्यायची. अक्षरं भिंगातून बघा: कंपनीच्या छपाईची कड धारदार असते, नव्या छपाईची शाई कडेला पसरलेली असते. सेकंदाच्या खुणा आकड्यांच्या बरोबर समोर येतात का तेही बघा.

वाईट वस्तू आहे असं मी म्हणणार नाही. बंगळूरचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने सुरू झाला आणि २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. नवे सुटे पार्ट आणायचे कुठून? चार मेलेल्यांतून एक जिवंत करणं ही आमच्या लोकांची कारागिरीच आहे. फक्त कंपनीचं मूळ म्हणून विकलं तर लबाडी. मुलाला दुखवू नका, पण चिठ्ठीवर खरं लिहा. मी तर म्हणतो त्याच्या शेजारी खरं पायलट ठेवा, लोकांना भिंग द्या, फरक शोधू द्या.

तिरसट
हा धाग्यातला पहिला कामाचा प्रतिसाद. माझ्याकडे खरं पायलट आहे. देतो. परत मिळालं पाहिजे.

इंदूरी_पोहे
तिरसटराव मोबाइलमध्ये वेळ बघतात असं समजून चाललो होतो आम्ही.

तिरसट
बघतोच. ते बाबांचं आहे.

मीनल_अलकापुरी
अजून एक, रेडियमवाली घड्याळं कोणाकडे आहेत का? अंधारात चमकणारे काटे. मुलांना आवडेल, दिवे घालवून दाखवता येईल.

कलाभवनी
इथे जरा थांबा. आपण दुचाकीवरच्या स्टिकरलाही रेडियम म्हणतो, पण १९६०च्या आधीच्या बऱ्याच घड्याळांत खरोखर रेडियम होतं, झिंक सल्फाइडमध्ये कालवलेलं. आता ती चमकत नाहीत, कारण किरणांच्या माऱ्याने झिंक सल्फाइड केव्हाच मरून गेलं. रेडियम मात्र तिथेच आहे, त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं. अमेरिकेत तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक आणायला तो ओठात धरायच्या, त्यांचे जबडे आणि हाडं त्याने खाल्ली, हा इतिहास आहे. पुढे ट्रिटियम आलं आणि १९९० नंतर उजेड शोषून चमकणारा, किरणोत्सार नसलेला रंग.

बंद केसमधलं घड्याळ काचेखाली ठेवायला हरकत नाही. उघडू नका, तबकडी खरवडू नका, मुलांच्या हातात देऊ नका. आणि पिवळट-तपकिरी रंग पोपडे धरून सुटत असेल तर प्रदर्शनात ठेवूच नका.

भिंगवाला
+१. वडील अशी तबकडी आली की काटे काढताना पंखा बंद करायचे. किरणोत्सार वगैरे त्यांना माहीत नव्हता, पण ती भुकटी उडू द्यायची नाही हे त्यांच्या उस्तादांनी शिकवलं होतं.

सुरसागरकाठी
पोपडेवालं एक होतं, कपाटात परत गेलं. धन्यवाद.

आता मसुदा बघा. मूळ इंग्रजी नाव देवनागरीत प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी बारीक अक्षरात येईल, वर खालचा मजकूर.

बॅरल: मेनस्प्रिंगची डबी. चावी भरली की आतली पोलादी पट्टी घट्ट गुंडाळली जाते. घड्याळाला लागणारं सगळं बळ इथून येतं.

चौथं चाक: डबीपासून मोजत आलं की हे चौथं. मिनिटाला एक फेरी. छोटा सेकंद काटा याच्याच दांडीवर बसतो.

अडसोड (एस्केप व्हील आणि फोर्क): दाता अडवते, सोडते, पुन्हा अडवते. टिकटिक येते ती इथून. सेकंदाला ५, दिवसाला ४,३२,०००.

बॅलन्स आणि बालकमानी: कमानी केसाहून बारीक. बॅलन्स एकीकडे गेला की ती त्याला परत खेचते. घड्याळ पुढे जातं की मागे पडतं, ते हिच्या लांबीवर. १६७५ मध्ये हॉलंडच्या ख्रिश्चन हायगेन्सने ही कमानी असलेलं घड्याळ जाहीर केलं.

१७ ज्वेल्स: भट्टीत बनवलेले माणिक. हिरे नव्हेत. (मीनलताईंच्या आजींची क्षमा मागून.)

शब्दवेल्हाळ
'बॅलन्स' तरी 'तोलचक्र' करा. बाकी सगळ्यावर मी सही करतो, अडसोडीवरसुद्धा. चावीवर नाही.

कलाभवनी
हायगेन्सच्या पुढे इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकचं नाव टाका, नाहीतर कोणीतरी इंग्रजीचे प्राध्यापक येऊन तिथेच वाद घालतील. कल्पना आपली असं हूकने आयुष्यभर सांगितलं. तोलचक्र मला चालेल.

भिंगवाला
तोलचक्र ठीक. पण खाली 'बॅलन्स' राहू द्या. उद्या त्यांच्यातल्या एखाद्या पोराला दुकानात जावंसं वाटलं, तर तिथे त्याला तोच शब्द लागेल.

मीनल_अलकापुरी
गुजराती ओळ पण हवी ना? पोळातले निम्मे गुजराती म्हणालात. निदान चावी, चंदो, कांटो एवढं तरी. मी लिहून देते, सासर तिकडचंच.

सुरसागरकाठी
अवश्य द्या. चिठ्ठीचा कागद मोठा घेतो.

भिंगवाला
एक राहिलं, आणि हे शब्दांपेक्षा महत्त्वाचं. टेबल डीजेच्या स्पीकरला चिकटून लावू नका. आत जबरदस्त चुंबक असतो. बालकमानीला चुंबकत्व लागलं की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, कमानी आखूड पडते आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळायला लागतं. गणपती उठल्यावर वीस जण माझ्याकडे घड्याळं घेऊन येतील. चुंबक काढायचं यंत्र आहे माझ्याकडे, पण आरतीच्या वेळी मला चहा हवा असतो, गिऱ्हाइकं नव्हे. दोन-तीन हात लांब ठेवलंत तरी पुरे.

सुरसागरकाठी
टेबलाची जागा आज रात्रीच्या मीटिंगला ठरतेय. डीजेवाल्या पोरांशी भांडून येतो, मग सांगतो.